टेनरेक पाळावा का? खान्देशातील घरांनी आधी विचारायचे प्रश्न

मुठीएवढा, पाठभर काटे, टोकदार नाक आणि मण्यांसारखे डोळे. मोबाईलवरील व्हिडिओत तळहातावर बसलेला हा प्राणी पाहिला की लहान मुले लगेच हट्ट धरतात. कोणी त्याला हेजहॉग म्हणते, कोणी साळिंदराचे पिल्लू. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा टेनरेक असतो. अमेरिका आणि युरोपात हौशी लोक तो पाळतात. आपल्याकडेही विदेशी प्राण्यांची हौस वाढते आहे, म्हणून या पाहुण्याची नीट ओळख करून घ्यायला हवी.

साळिंदर नव्हे, हेजहॉगही नव्हे

सातपुड्याच्या पायथ्याला दिसणारे साळिंदर, म्हणजेच सायाळ, उंदराच्या गटातले. हेजहॉग, ज्याला मराठीत जाहक म्हणतात, तो चिचुंदरीचा दूरचा नातलग. भारतीय हेजहॉग शेजारच्या गुजरात-राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात राहतो. टेनरेक मात्र मूळचा मादागास्कर बेटाचा. त्याचे नाते हत्ती आणि समुद्रगायींशी अधिक जवळचे आहे, हे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. शत्रू आला की काटे फुलवून चेंडूसारखे गुंडाळून घ्यायचे, ही युक्ती हेजहॉग आणि टेनरेक या दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे आली.

पाळण्यासाठी प्रामुख्याने वापरली जाते ती छोटी हेजहॉग-टेनरेक ही जात. तिचे वजन साधारण १०० ते २५० ग्रॅम. ती निशाचर असून झाडावर चढते आणि किडे खाते. नीट सांभाळ झाला तर ती १० वर्षांहून अधिक जगते. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेला प्राणी तो मुलगा महाविद्यालयात गेल्यावरही घरात असेल, आणि त्याची जबाबदारी बहुधा आईवर येऊन पडलेली असेल.

उन्हाळा ४५ अंशांचा, हिवाळा एकआकडी

टेनरेकच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे स्थिर नसते. विश्रांतीच्या वेळी ते भोवतालच्या हवेनुसार खाली-वर होते. मादागास्करच्या कोरड्या, थंड हंगामात अन्न कमी झाले की तो काही महिने सुस्तावस्थेत जातो. आधी साठवलेल्या चरबीवर तो हा काळ काढतो.

पाळलेल्या टेनरेकला साधारण २४ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब लागते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत उकाडा आणखी वाढतो. कूलर लावला तरी दुपारी वीज गेली की पिंजऱ्यातला प्राणी कोंडला जातो. त्याला सावलीत किंवा बिळात पळता येत नाही. उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो.

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली येतो. तेव्हा तो निपचित पडतो, अंग थंडगार लागते. घरच्यांना तो मेला असे वाटते, किंवा उलट, ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून दुर्लक्ष होते. पुरेशी चरबी नसलेला किंवा आजारी प्राणी अशा अवस्थेतून उठेलच याची खात्री नसते.

दूध-पोळी चालत नाही

घरात प्राणी आला की वाटीत दूध आणि पोळीचा कुस्करा ठेवण्याची आपली रीत आहे. किडे खाणाऱ्या या प्राण्याला दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात. त्याला रोज नाकतोडे, झुरळे, अळ्या असे खाद्य लागते. नुसत्या अळ्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असल्याने हाडे ठिसूळ होतात. हे सगळे रोज जमवायचे, शिवाय आजारी पडला तर त्याची माहिती असलेला पशुवैद्य शोधायचा. आपल्याकडील पशुवैद्यांचा बहुतेक अनुभव गायी-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचा असतो.

घरातल्या माणसांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. २०१८-१९ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या अशा एका साथीचा संबंध तेथील रोग नियंत्रण केंद्राने पाळीव हेजहॉगशी जोडला आणि त्यांचे मुके घेऊ नका, असे लोकांना बजावले. जुलाब, ताप, पोटात कळा ही लक्षणे संसर्गानंतर काही तासांपासून ६ दिवसांपर्यंत दिसतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका अधिक. हेजहॉगच्या काट्यांमधून गजकर्णासारखा बुरशीचा त्वचारोगही होतो. टेनरेकबाबतही हीच काळजी घ्यावी: हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पिंजरा स्वयंपाकघरात किंवा मोरीत भांड्यांजवळ धुऊ नये. कोणताही सस्तन प्राणी चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

कायदा काय सांगतो?

साळिंदर, भारतीय हेजहॉग, पोपट हे देशी वन्यप्राणी घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय ‘साइटिस’ करारातील विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. प्रजाती त्या यादीत नसली तरी जिवंत प्राणी परदेशातून आणण्यासाठी आयात परवानगी आणि पशू विलगीकरणाची तपासणी लागते. त्यामुळे विक्रेता कागदपत्रे दाखवत नसेल, ‘बॉक्समधून पार्सल पाठवतो’ म्हणत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ज्यांनी आधीच आणला आहे, त्यांनी तो कंटाळून यावल किंवा अनेरच्या जंगलात सोडू नये. बहुतेक वेळा तो उपाशी मरेल. तगला तर तो इथल्या जिवांच्या मुळावर येऊ शकतो. मॉरिशस आणि सेशेल्समध्ये माणसाने नेलेला साधा टेनरेक तिथे कायमचा वसला आहे. जड होत असेल तर वनविभागाशी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून मार्ग काढावा. मुलांचा हट्ट असेल, तर आधी वर्षभर एखाद्या कुंडीतल्या रोपाला रोज पाणी घालण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून पाहावी.