पणजीच्या माहेराचा शोध

हरियाणातील मानेसर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एखादे मूल विचारते, 'आपली पणजी कोणत्या गावची?' वंशावळीत उत्तर सापडत नाही, कारण तीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. शिवाय लग्नानंतर स्त्रीचे आडनाव आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलत असे. मग शोध कसा घ्यावा?

प्रथम वडीलधाऱ्यांकडून पणजीच्या माहेरचे गाव, आडनाव व तिच्या वडिलांचे आणि भावांचे नाव लिहून घ्यावे. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वीच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात आढळतात. त्या मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर व हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे गावासह लिहिलेली असतात.

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे एकच नाव पुनःपुन्हा येते. म्हणून नाव, गाव आणि काळ ही तिन्ही दोन स्वतंत्र नोंदींत जुळल्याखेरीज नाते निश्चित मानू नये. न सापडलेली जागा कल्पनेने न भरता रिकामीच ठेवावी. आपल्या वंशावळीत मात्र लेकी-सुनांची नावे माहेरच्या गावासह आजच लिहून ठेवावीत.