डोंगरापलीकडचं पाणी

पुण्याच्या धायरीच्या दक्षिणेला जी डोंगररांग दिसते, ती सिंहगडाकडून भुलेश्वरकडे जाते. रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस मुठेला मिळतो. पलीकडचा शिवगंगेतून गुंजवणीला आणि पुढे नीरेला. दोन्ही पाणी अखेर भीमेतच जातं, पण नीरा-नरसिंहपूरपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. आम्हा धायरीकरांची वर्षातली सगळ्यात मोठी पंगत मात्र पलीकडच्या पाण्यावर बसायची. नसरापूरचं बनेश्वर, महिना कार्तिक, निमित्त आवळीभोजन, म्हणजे आवळ्याच्या झाडाखालचं जेवण.

तेव्हा धायरी फाट्यापर्यंत पायपीट, मग स्वारगेट, तिथून एसटी आणि कात्रजचा जुना घाट. भाकऱ्यांचं गाठोडं, भरताची वांगी, पिठल्याचं पातेलं आणि सगळ्यांत वर लहान मुलं, अशी ती वरात असे. बनात नेमकं आवळ्याचं झाड सापडेलच याचा भरवसा नसल्यामुळे आत्या पिशवीत आवळ्याची एक डहाळी घेऊनच निघायची. ती पंगतीत मधोमध रोवली की शास्त्र पार पडलं! प्यायला पाणी मात्र घरून कोणी नेत नसे. ते बनेश्वरच्या गोमुखातून येणाऱ्या झऱ्याचं.

यंदा नवले पुलावरून, नव्या बोगद्यातून गाडीने गेलो. घाट लागलाच नाही. चेलाडी फाट्यावर मात्र रविवारची कोंडी लागली. आत बनात शिरलं की हवा बदलते, हे अजून तसंच आहे. बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. खर्च ११,४२६ रुपये ८ आणे ६ पै. पैपर्यंतचा हा हिशेब मला देवळाइतकाच देखणा वाटतो. घंटेवर १६८३ हे इसवी सन कोरलेलं आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली ही घंटा, असं मानतात. घंटा फिरंग्यांची आणि नाद शंकरापुढे, याचं आम्हा पोरांना भारी अप्रूप.

पण मी गेलो होतो त्या झऱ्याच्या कुंडावर. कडेच्या दगडावर बसून पाण्यात बोट धरलं की बारीक मासे येऊन टोचतात. हिवाळ्यातल्या सकाळी हे पाणी हाताला कोमट लागतं. भुईतून येणाऱ्या पाण्याला वरच्या थंडीचा पत्ता नसतो. आपल्याकडचा खडक लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळ्या पाषाणातून पाणी फटींवाटेच काय ते उतरतं. सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगाळ थरात मात्र ते मुरतं, साठतं. खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो, तिथे बाहेर येतं. म्हणजे झऱ्याचं मूळ गोमुखात नसून मागच्या रानात, उतारावरच्या मातीत आणि झाडांच्या मुळांत आहे. बनेश्वरला देवामुळे आणि वनखात्यामुळे बन टिकलं आहे.

बनेश्वरचं देऊळ बांधलं, साधारण त्याच सुमारास नानासाहेबांनी रांगेच्या अलीकडे कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं. अलीकडच्या पाण्याला तेव्हापासून शहराची नोकरी लागली आणि पलीकडचं देवाकडेच राहिलं. धायरी त्या अलीकडच्या बाजूची. गावाचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला. त्याच्या आधीपासूनच शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. उतार फोडले गेले, ओढे गटारांना जोडले गेले. आता उन्हाळा लागला की गल्लीगल्लीत टँकर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, धायरी, नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा घरोघरी पहिला संशय पाण्यावर गेला. लहानपणी ओढ्याकाठच्या झिऱ्यातलं पाणी वाटीने भरून पिणारे आम्ही महिनाभर उकळलेल्या पाण्यावर होतो. यंदा बनेश्वरलाही आमच्या पंगतीत पाण्याच्या बाटल्याच होत्या. गोमुखाखाली ओंजळ धरली, पण ती तोंडापर्यंत न्यायला सूनबाईंनी मनाई केली. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

पावसाळ्यात सगळी गर्दी बनेश्वरजवळच्या शिवगंगेच्या धबधब्यावर फोटोसाठी लोटते. कातळ निसरडा असतो आणि तो लोंढा काही झऱ्याचा नव्हे. झरा पाहायचा असेल तर वैशाखात जावं, सकाळी लवकर. तेव्हा नदीचे खडक उघडे पडलेले असतात आणि कुंडात मात्र पाणी असतं.