मिटलेले डोळे आणि झोपेचा हिशेब

अतिदक्षता विभागातील नोंदवहीत नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, मूत्राचे प्रमाण यांचा तपशील तासातासाला दाखल होतो. झोपेविषयी मात्र, काही लिहिलेच तर, 'रुग्ण शांत झोपला' एवढाच शेरा असतो, आणि तो बहुधा मिटलेल्या पापण्यांच्या भरवशावर मारलेला असतो. गुंगीच्या औषधाने आलेली निश्चेष्टता, ज्वराने आलेली ग्लानी आणि निसर्गदत्त निद्रा या तिन्ही अवस्था खाटेपासून चार हात अंतरावर उभे राहून पाहणाऱ्यास सारख्याच दिसतात.

यांतला भेद दाखविणारे सर्वमान्य साधन म्हणजे मस्तकावर विद्युदग्रे लावून मेंदूच्या लहरी, नेत्रगोलांची हालचाल व स्नायूंचा ताण रात्रभर एकत्र नोंदविण्याची पद्धती. तिचे नियम १९६८ मध्ये रेक्टशाफेन आणि केल्स यांनी बांधून दिले. परंतु ते निरोगी माणसाच्या निद्रेसाठी होते, आणि अत्यवस्थ रुग्णाच्या आलेखात हलक्या झोपेची ओळख पटविणाऱ्या चातीच्या आकाराच्या लहरी पुष्कळदा उमटतच नाहीत, किंवा रुग्ण डोळे उघडून पाहत असताना आलेख मात्र संथ, निद्रिस्तासारखा उतरतो, त्यामुळे निष्णात परीक्षकही निकाल देताना अडखळतो. मनगटावरील यंत्राची गोष्ट तर विचारूच नये: हालचाल नाही म्हणजे झोप, हा त्याचा हिशेब, आणि ज्याच्या अंगी कूस बदलण्याचेही त्राण उरलेले नाही तो त्याच्या दफ्तरी गाढ निद्रिस्त ठरतो.

बरे, झोपेचे तास मोजून तरी काय हाती लागते? फिलाडेल्फिया येथे २२ रुग्णांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोवीस तासांतील झोपेची सरासरी ८.८ तास भरली, म्हणजे वरकरणी तक्रारीस जागाच नव्हती. पण त्या झोपेचे तुकडे तुकडे झालेले होते आणि निम्म्याहून अधिक वाटा दिवसाच्या पदरी पडला होता. शिवाय ज्या गोंगाटावर आपण सारा ठपका ठेवतो, त्यामुळे आलेली पुरती जाग एकंदर जागांपैकी १७ टक्केच होती, तेव्हा उरलेल्यांचा जाब वेदना, आजार, श्वसनयंत्र आणि शुश्रूषा यांच्याकडेही मागावा लागतो.

या सर्व खटाटोपात मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली. झोप किती गाढ होती, ती लागण्यास किती वेळ गेला, किती वेळा मोडली, मोडल्यावर पुन्हा लागली का आणि एकंदरीत कशी होती, अशा पाच बाबींसाठी शंभर मिलिमीटरची एकेक रेषा असते. रुग्णाने सकाळी तिच्यावर खूण करावी आणि पाचांची सरासरी काढावी, इतकेच. २००० साली ७० पुरुष रुग्णांच्या मेंदू-आलेखांशी तिचा मुकाबला केला असता सहसंबंध ०.५८ आला, जो कामचलाऊ म्हणण्याइतपत खासच आहे. अडचण अशी की, बेशुद्ध वा भ्रमिष्ट रुग्णाची जबानी घेता येत नाही. त्याच्यावतीने परिचारिकेने खूण करावी म्हटले, तर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये २०१२ साली दिसून आले की परिचारिका रुग्णांपेक्षा झोपेस अधिक गुण देतात. यात त्यांचा दोष तो काय? त्यांनाही दिसतात त्या पापण्याच.

अमेरिकेतील अतिदक्षता-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत झोपेचे यांत्रिक मोजमाप नित्याच्या व्यवहारात करू नये, मात्र रात्री प्रकाश व आवाज कमी करावा, असे सुचविले. आणि रुग्णाला झोप कशी लागली हे त्यालाच, किंवा त्याला साजेशा प्रश्नावलीने, विचारत जावे, असेही त्यात नमूद आहे.