शास्त्रीय विचारातील पाच संज्ञा

सामान्यविज्ञान शिकविताना निरीक्षण, अनुमान, परिकल्पना, प्रयोग व सिद्धांत हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेले कोणते व मनाने ठरविलेले कोणते, हा भेद मुलांच्या ध्यानी येत नाही. फ्रान्चेस्को रेडी या इटालियन वैद्याने १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून या संज्ञा स्पष्ट करता येतील.

१. निरीक्षण : इंद्रियांना जे प्रत्यक्ष जाणवते ते. उघड्या मांसात काही दिवसांनी अळ्या दिसतात, हे निरीक्षण होय.

२. अनुमान : निरीक्षणावरून बुद्धीने काढलेला निष्कर्ष. ‘कुजक्या मांसातूनच अळ्या जन्मतात’ असे त्या काळी बहुतेक लोक मानीत. हे अनुमान होते; परंतु सर्वांनी मानल्यामुळे ते निरीक्षणच भासू लागले होते.

३. परिकल्पना : खरेखोटे पारखता येईल असे तात्पुरते उत्तर. अळ्या माश्यांपासून होत असाव्यात, अशी रेडीची परिकल्पना होती. ती खरी असेल, तर माश्या रोखल्यास अळ्या होता कामा नयेत.

४. प्रयोग : एकच बाब बदलून व इतर सारख्या ठेवून केलेली पारख. रेडीने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काही घट्ट बंद केली. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. बंद भांड्यांत झाल्या नाहीत. परंतु बंद भांड्यांत हवाही जात नव्हती. हा आक्षेप दूर करण्यासाठी त्याने काही भांड्यांवर तलम जाळीदार कापड बांधले. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या आणि मांसात अळ्या झाल्या नाहीत.

५. सिद्धांत : अनेक प्रयोगांनी दृढ झालेली व अनेक घटनांचा उलगडा करणारी उपपत्ती. रेडीचा प्रयोग अळ्यांपुरता होता. सूक्ष्मजंतूंविषयीचा वाद पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चालला. १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने केलेल्या प्रयोगांनंतर जीवापासूनच जीव उत्पन्न होतो, हे मत सर्वत्र मान्य होत गेले. म्हणून सिद्धांतास नुसता तर्क समजू नये.

वर्गात हाच प्रयोग सोललेल्या पिकल्या केळ्याचे सारखे काप तीन बरण्यांत ठेवून करावा : एक उघडी, दुसरी झाकण लावलेली, तिसरी मलमल बांधलेली. फळ्यावर ‘पाहिले’ व ‘वाटले’ असे दोन रकाने आखून मुलांची उत्तरे रोज योग्य रकान्यात लिहावीत.

या सवयीचा उपयोग वर्गापुरता नाही. मुलाला ताप आला हे निरीक्षण. त्यास दृष्ट लागली हे अनुमान. हा भेद ज्यास कळला, तो दवाखान्यात जाण्यास विलंब करणार नाही.