धातू जातो कुठे?

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या वर चढला की प्रयोगशाळेतला साधा इन्क्युबेटर कुचकामी होतो. त्याला फक्त तापवता येतं. माती-पाण्यातल्या जिवाणूंना हवे असतात साधारण 30 अंश, आणि इथे खोलीच त्याहून तापलेली. मग सगळी भिस्त गार करणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरवर.

याच भागातलं अमरावती विद्यापीठ 1983चं. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखलं जातं. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातले जिवाणू अभ्यासले. फोकमारे आणि मुसद्दिक या संशोधकांनी 2002मध्ये अकोला जिल्ह्यातल्या कापशी तलावाच्या आणि पूर्णा नदीच्या पाण्याची भौतिक-रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. लोणारचा बोलबाला जगभर. मला मात्र पूर्णेची तपासणी अधिक मोलाची वाटते. त्या काठावर माणसं आणि गुरंढोरं राहतात.

अशा पाण्या-मातीतले धातू सोसणारे जिवाणू शोधायची रीत सोपी आहे. सांडपाणी किंवा माती पायरीपायरीने पातळ करायची, धातूचा क्षार मिसळलेल्या अगारच्या प्लेटवर पसरायची आणि कॉलनी उगवते का ते पाहायचं. क्षाराची मात्रा वाढवत न्यायची. ज्या मात्रेला वाढ थांबते, ती नोंदवायची. पण अगारमधलं पेप्टोन आणि फॉस्फेट बराचसा धातू स्वतःच धरून ठेवतात. त्यामुळे जिवाणू आहे त्याहून बहाद्दर दिसतो. असे आकडे वाचताना माध्यम कोणतं होतं, हे आधी पाहावं.

आणि सोसलेल्या धातूचं पुढे होतं काय? कॅडमियम पेशी पंपाने बाहेर फेकते, म्हणजे ते पाण्यातच राहतं. पाऱ्याच्या आयनाचं ‘मरए’ जनुकाचं विकर धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं आणि तो वाफ होऊन हवेत जातो. आर्सेनिकची गंमत तर उफराटी: बरेच जिवाणू आर्सेनेटचं अधिक विषारी आर्सेनाइट करून बाहेर ढकलतात. स्वतःची सुटका, शेजाऱ्याच्या जिवावर!

त्याहून काळजीची बाब वेगळी. धातू सोसायची आणि प्रतिजैविकं पचवायची जनुकं अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर असतात. म्हणून पाऱ्याच्या प्लेटवर तगलेली कॉलनी प्रतिजैविकांच्या चकत्यांसमोरही तपासायला हवी. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यात औषध नसलं, तरी नुसता धातूही औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडत राहू शकतो.

क्रोमियमचा प्रयोग विद्यार्थ्यांना आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. विषारी षट्संयुजी क्रोमियम डायफिनाइलकार्बाझाइडने जांभळा रंग देतं. जिवाणूंनी त्याचं कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम केलं की रंग फिका पडतो. शोधनिबंध बहुधा इथेच आटोपतो, ‘प्रदूषण-निवारणास उपयुक्त’ असा शेरा मारून. एकूण क्रोमियम मात्र तेवढंच उरलेलं असतं, आणि मातीत मँगॅनीजचे ऑक्साइड असतील तर त्यातलं काही पुन्हा षट्संयुजी होऊ शकतं. तीच माती काही महिन्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय तो शेरा मारू नये.