लेकरांजवळ राहा, पण सातबारा आपल्या नावे ठेवा



धान निघाले, चुकारे हाती आले आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा भरली की बाहेरगावी नोकरीला असलेली पोरे गावाकडे येतात. वैनगंगेत स्नान होते, मार्कंडेश्वराचे दर्शन होते आणि मग घरोघर एक बोलणे निघते. "बाबा, आता किती दिवस चिखल तुडवणार? शेत विकून टाका, आमच्या गावी एखादा प्लॉट घेऊ, तुम्ही दोघे तिथेच राहा."

बोलणे मायेचेच असते. गुडघे दुखतात, रोवणीला मजूर मिळत नाहीत, रात्री-बेरात्री काही झाले तर घरी कोणी नाही. चामोर्शी, मूल, सावली तालुक्यांतली पोरे चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर, पुण्यापर्यंत गेली. कोनसरीच्या लोखंड प्रकल्पामुळे काहींना जवळ काम मिळाले, तरी बरीच घरे आज दोन म्हाताऱ्या जिवांची उरली आहेत. तेव्हा म्हातारपणी लेकरांजवळ जाण्यात गैर काही नाही. मात्र जाण्याआधी शेत विकायचे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. तो नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

आधी हिशेब मांडा

समजा, तुमची बांधी विकून २० लाख रुपये आले. त्यातले १२ लाख प्लॉटला गेले, ८ लाख बांधकामाला गेले. घर उभे झाले, परंतु गाठीला काय राहिले? तांदूळ विकत, भाजी विकत, पाण्याचे बिल वेगळे, विजेचे वेगळे. शेत गेल्यावर पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपयेही बंद होतात, कारण या दोन्ही योजना जमीन नावावर असणाऱ्यासाठी आहेत.

आता दुसरा हिशेब करा. मुलाच्या मोहल्ल्यात एक खोली भाड्याने घेतली. समजा भाडे महिना ३,००० रुपये. वर्षाला ३६,००० आणि दहा वर्षांत ३ लाख ६० हजार. भाडे मधूनमधून वाढेल हे धरले तरी २० लाखांच्या पुढे हा खर्च कितीतरी कमी आहे. शिवाय बांधी तुमचीच राहते, ठेक्याचे किंवा अधियाचे धान घरी येते आणि मन लागले नाही तर परतायला गाव उरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळीच शेतजमीन विकून जो भूमिहीन झाला, त्याला पुढे शेत घ्यायचे म्हटले तर सोपे नाही. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळकायद्यात बंधन आहे, शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. म्हणून विकायचेच झाले तर एखादी बांधी विका, सातबारा कोरा करू नका.

कोणती जमीन विकताच येत नाही

आपल्या जिल्ह्यात हे विशेष पाहावे लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, बक्षीस, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जाऊ शकत नाही. जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ त्यासाठीच आहे. सन २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीलाही परवानगी लागते. "स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, नंतर नावे करून देऊ" असे कोणी म्हणाला तर तिथेच नमस्कार करा. त्या कागदावर पैसे घेणाराही अडकतो आणि देणाराही.

जवळ म्हणजे किती जवळ?

लेकरांजवळ राहायचे म्हणजे एकाच छपराखाली राहायचे, असे नाही. दोन खोल्यांच्या घरात सून, नातवंडे आणि आपण दोघे अशी दाटी झाली की महिनाभरात भांडी आदळू लागतात. त्यात दोष कोणाचाच नसतो, जागाच कमी असते. एकाच गल्लीत वेगळी चूल हा पुष्कळदा गोडीचा मार्ग ठरतो.

दुसरा मार्ग तालुक्याच्या गावाचा. समजा, मुलगा चंद्रपूरला आहे आणि मुलगी गडचिरोलीला. मग मार्कंड्याच्या माणसाने चंद्रपूरच गाठले पाहिजे असे नाही. चामोर्शीला किंवा मूलला बिऱ्हाड केले तर दोन्ही लेकरे आवाक्यात राहतात, सरकारी दवाखाना जवळ येतो, जागा शहरापेक्षा स्वस्त पडते आणि शेतावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.

एसटीच्या सवलतीमुळे हे परवडतेही. सन २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. तेव्हा अंतर मोजताना किलोमीटर पाहू नका. थेट बस आहे का आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे आधी विचारा.

मुलीजवळ राहायला आपल्याकडे अजून संकोच करतात. लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये, असे जुने लोक म्हणत. परंतु आईबापाला सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने मुलावर आहे तशीच मुलीवरही आहे. जी जवळ आहे आणि जिचा जीव आहे, तिच्या गावी राहायला लाज कसली?

आधी एक पावसाळा, एक उन्हाळा

नवे बियाणे आपण सगळ्या बांधीत एकदम टाकत नाही, आधी एका कोपऱ्यात घालून पाहतो. जागेचेही तसेच करा. प्लॉट घेण्याआधी त्या मोहल्ल्यात भाड्याने एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली म्हाताऱ्या माणसाला तो सोसत नाही. पावसाळ्यात इरई नदी फुगली की काठच्या वस्त्यांत पाणी शिरते, सन २०२२ मध्ये ते दिसले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दचे पाणी सुटले तेव्हा वैनगंगेकाठच्या गावांनीही पूर पाहिला. स्वस्त प्लॉट का स्वस्त आहे, हे पावसाळ्यात कळते.

घ्यायचाच ठरला तर चार गोष्टी पाहा. एक, प्लॉट अकृषक झाल्याचा आदेश आणि मंजूर नकाशा. दोन, पूररेषा. तीन, विकणाऱ्याचे नाव सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर आहे का. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. चार, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे आणि त्यावर नवरा-बायको दोघांची नावे असावीत. एकाच्या मागे दुसऱ्याला घरातून कोणी उठ म्हणू नये, एवढ्यासाठी.

शेत कोणाच्या भरवशावर?

गाव सोडले तरी शेत पडीक टाकू नका. ठेक्याने किंवा अधियाने द्यायचे असेल तर एका हंगामापुरते द्या आणि मुदत, रक्कम, बांध दुरुस्ती कोणाकडे, हे दोन साक्षीदारांपुढे लिहून ठेवा. कूळ लागेल या भीतीने बरेच जण तोंडीच व्यवहार करतात आणि मग धान वाटताना तंटा होतो. ई-पीक पाहणी तुमच्या खात्यावर झाली का ते दरवर्षी पाहा. ती राहिली तर धान केंद्रावर नोंदणी अडते. पाणी न साचणारी उंच जागा असेल तर तिथे आंबा लावा. रोवणीसारखी मजुरी लागत नाही आणि नातवंडांना गावाकडे यायला निमित्त मिळते.

जिथे राहाल तिथे एक गुंठा सांदवाडी मिळाली तरी सोडू नका. शेवगा, कढीलिंब, दोन वेल वालाचे आणि चार कोंबड्या. पैसा थोडा वाचतो, पण हात रिकामे राहत नाहीत हे महत्त्वाचे. जन्मभर कामात असलेला माणूस खाटेवर बसला की लवकर खचतो.

बक्षीसपत्राची घाई नको

रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राला खर्च कमी येतो, म्हणून पुष्कळ लोक जिवंतपणीच सगळे मुलांच्या नावे करून देतात. त्यापेक्षा मृत्युपत्र बरे. ते तुमच्या मागे लागू होते आणि तुम्ही आहात तोवर बदलता येते. दोन साक्षीदार ठेवा, शक्यतो नोंदणी करा. वाटणी करायची असेल तर म्हातारा-म्हातारीचा हिस्सा वेगळा राखूनच करा.

बक्षीसपत्र करायचेच असेल तर "आम्हा दोघांचा मरेपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घ्या. सन २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. याच कायद्याने दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो. लेकरावर अर्ज करण्याची पाळी कोणावर येऊ नये, पण कागद पक्का असला तर ती पाळी सहसा येतही नाही.

गाव बदलले तरी हक्क सोबत न्या

वय ६५ झाले असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. गाव बदलताना तहसील कार्यालयात आधी कळवा आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या, नाहीतर पैसे थांबतात. रेशनचे धान्य आधार जोडलेल्या कार्डावर दुसऱ्या गावीही उचलता येते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर यादीतल्या दवाखान्यात भरती झाल्यास कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोन आहे आणि गाडीसाठी १०८ आहेच.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांना विनंती

गावात एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी ग्रामपंचायतीत असू द्या. वर्षातून एक दिवस शिबिर लावून हयातीचे दाखले, आयुष्मान कार्ड आणि रेशनची आधार जोडणी एकाच जागी करून दिली तर कितीतरी हेलपाटे वाचतील. वयस्क खातेदाराचा फेरफार आला तर नोटीस नुसती चिकटवू नका. त्याला वाचून दाखवा आणि "कशावर अंगठा देत आहात, कळले का?" एवढे विचारा. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव करून आईवडिलांकडे पाठ फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचे ठरवले होते. आपल्या भागातही असा विचार व्हायला हरकत नाही.

शेतकरी बंधूंनो, पोरे बोलावतात हे भाग्यच आहे. जरूर जा. नातवंडांत राहा, दवाखाना जवळ करा. परंतु जाताना घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि सातबारा, पासबुक, आधार व रेशनकार्ड मात्र आपल्या पेटीत, आपल्याच कुलपात न्या. ज्याच्या नावे चार बांध्या आहेत, तो म्हातारा लेकराच्या घरी पाहुणा म्हणून नव्हे, बाप म्हणून राहतो.