नलिका-कारक व प्रतिचित्रण फलने

नलिका-कारक व प्रतिचित्रण फलने : आर या सांख्यिकीय संगणक भाषेत एका फलनाचे प्रदान लगेच पुढील फलनाला आदान म्हणून पुरविणाऱ्या चिन्हास नलिका-कारक किंवा पाइप म्हणतात. समूहातील प्रत्येक घटकावर एकच फलन स्वतंत्रपणे लावून तितक्याच घटकांचा नवा समूह देणारे ते प्रतिचित्रण फलन किंवा मॅप होय. नलिका संपूर्ण वस्तू पुढे नेते, प्रतिचित्रण त्या वस्तूच्या आत शिरते; हा भेद न ओळखल्यामुळे नवशिक्यांच्या बऱ्याच चुका होतात.

नलिकेची कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये मांडली आणि केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स प्रणालीत उतरविली. आर ही भाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविली. तिच्यात %>% हे चिन्ह २०१४ मध्ये मॅग्रिटर या संचाद्वारे रूढ झाले. धूम्रपानाच्या पाइपचे चित्र काढून त्याखाली ‘हा पाइप नव्हे’ अशा अर्थाची ओळ लिहिणाऱ्या रने माग्रीत या बेल्जियन चित्रकारावरून संचाचे नाव पडले. भाषेचे स्वतःचे |> हे चिन्ह ४.१.० या आवृत्तीत (२०२१) आले. ‘अ |> फ()’ या लेखनाचे गणनेपूर्वीच ‘फ(अ)’ असे रूपांतर होते. त्यामुळे आतून बाहेर वाचावी लागणारी कंसांची उतरंड टळून क्रिया घडतात त्याच क्रमाने वाचता येतात.

प्रतिचित्रणासाठी भाषेत एलॲप्लाय व एसॲप्लाय ही फलने पूर्वीपासून आहेत. मात्र एसॲप्लायच्या प्रदानाचा प्रकार आदानानुसार बदलतो, ही त्याची मोठी उणीव होय. पर्र या संचातील मॅप नेहमी सूचीच देते, तर त्याचे संख्यादायी रूप संख्याच देते किंवा थांबते.

आरसोबत येणाऱ्या एका प्रसिद्ध सारणीत १९७३-७४ च्या ३२ मोटारगाड्यांची माहिती आहे. सिलिंडरांच्या संख्येनुसार तिची विभागणी केल्यास चार सिलिंडरांच्या ११, सहांच्या ७ व आठांच्या १४ गाड्या मिळतात. ही तीन घटकांची सूची नलिकेतून सरळ लांबी मोजणाऱ्या फलनाकडे सोडली, तर उत्तर ३ येते. गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध नसतो आणि संगणक कोणताही इशारा देत नाही. उलट नलिकेतून ती मॅपकडे दिली व मॅपला ओळी मोजणारे फलन पुरविले, तर ११, ७ व १४ ही उत्तरे मिळतात. याच साखळीत एका मॅपने प्रत्येक गटासाठी इंधनक्षमतेचे वजनावरील समाश्रयण, दुसऱ्याने त्याचा सारांश व संख्यादायी रूपाने निर्धारण गुणांक काढल्यास अनुक्रमे सुमारे ०.५१, ०.४६ व ०.४२ ही मूल्ये येतात.

टिंबाच्या बाबतीत हाच घोटाळा पुन्हा होतो. मॅग्रिटरच्या नलिकेत टिंब म्हणजे डावीकडील संपूर्ण वस्तू. पर्रच्या तरंगचिन्हाने सुरू होणाऱ्या संक्षिप्त फलनात मात्र टिंब म्हणजे हाती असलेला एकच घटक. दोन्ही एकाच ओळीत आली की लिहिणाराही चकतो. ४.१.० आवृत्तीतच आलेल्या, तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या फलनलेखनात घटकाला स्वतंत्र नाव देता येते. म्हणून ते अधिक सुरक्षित आहे. एखाद्या घटकावर फलन अयशस्वी झाल्यास सगळी साखळी तुटते. तसे होऊ नये म्हणून पर्रमधील सेफली हे वेष्टन वापरतात. ते प्रत्येक घटकाचे फलित व दोष वेगवेगळे नोंदविते.